विसाजीपंतांची नक्कल

तिवरगड नावाच्या एका चिमुकल्या राज्यात विसाजीपंत नावाचे कारकून होते. राज्य इतके चिमुकले, की एका वेशीत कुणी शिंकले तर दुसऱ्या वेशीतला पहारेकरी 'शतंजीव' म्हणे.

विसाजीपंतांचे अक्षर मोत्यासारखे होते, हा त्यांचा पहिला गुण. ते कुणालाही कधी नाही म्हणत नसत, हा दुसरा. तिसरा गुण मात्र शोधावा लागला असता. पंत मोठे आळशी. नवा कागद लिहायचा झाला की ते जुना एखादा काढत आणि त्यावरून उतरवत. उगीच डोक्याला त्रास देत नसत. एकदा त्यांनी राजवाड्यातल्या लग्नाचे आमंत्रण तेराव्याच्या पत्रावरून उतरवले होते. तरीही पाहुणे आले, आणि जेवूनही गेले. तेव्हापासून पंतांची खात्री पटली, की लिहिलेले कुणी वाचत नाही.

राजे मानाजीराव तरुण होते. मनाचे वाईट नव्हते, पण कानाचे हलके होते. शेजारच्या राज्यात टेहळणीचा मनोरा आहे असे त्यांनी ऐकले आणि हट्ट धरला, की आपला मनोरा त्याहून चार हात उंच हवा. बांधकामाचे काम दिवाण सुभानराव यांच्या मेहुण्याला मिळाले. ते त्याला कसे मिळाले हे कुणी विचारले नाही. दिवाणांचा तो एकुलता एक मेहुणा होता.

पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशी कोंडाबाई कुंभारीण तिथे माती न्यायला आली होती. तीस वर्षे ती त्याच जागेवरून माती नेत होती. खड्डा पाहून ती थांबली.

"हितं बांधू नगा," ती मेहुण्याला म्हणाली. "ही माती वल धरती. मडक्याला ग्वाड हाय, पायाला न्हाई. पावसाळा सरला की तुमचा मनोरा कलंल बघा."

मेहुणा हसला. मनोरा बांधून झाला. पावसाळा आला आणि सरला. मनोरा चांगला दीड हात कलला.

आता कललेला मनोरा काही पदराखाली झाकता येत नाही. सगळे गाव हसले. कुणी म्हणाले, मनोऱ्याला डुलकी लागली. कुणी म्हणाले, तो शेजारच्या राजाला मुजरा करतो आहे. हे हसणे वाड्यापर्यंत पोचले आणि राजांना भारी झोंबले. त्यांनी दिवाणांना बोलावले.

"सुभानराव, मनोरा का कलला?"

मेहुण्याने चुन्यात निम्मी वाळू घातली होती आणि पाया ओल्या मातीत घातला होता, हे दिवाणांना ठाऊक होते. पण तसे सांगितले तर संध्याकाळी घरी काय होईल, हेही ठाऊक होते.

"महाराज," ते आवाज खाली आणून म्हणाले, "मनोरे आपोआप कलत नसतात. ते कलवले जातात. नगरात फितुरी आहे."

"फितुरी? कुणाची?"

"शोध घ्यावा लागेल. पण एक विचार करा महाराज. पाया खणायच्या दिवशीच एक कुंभारीण बोलली होती, की मनोरा कलणार. तिला आधीच कसं कळलं?"

राजे दचकले. कुंभारणीला मातीतले कळते, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

कोंडाबाईला चाकावरूनच उचलून आणले. हात कोपरापर्यंत चिखलाने बरबटलेले होते. ते तिला धुऊ दिले नाहीत, कारण तो पुरावा होता.

दिवाणांनी विसाजीपंतांना बोलावले. "पंत, फितुरांच्या चौकशीसाठी एक पक्की नियमावली हवी. काय विचारायचं, कसं विचारायचं, सगळं त्यात आलं पाहिजे. एकसुद्धा फितूर सुटता कामा नये. उद्या दुपारपर्यंत द्या."

"जी," पंत म्हणाले.

फितुरीचा खटला राज्यात आजवर झालाच नव्हता. पंतांनी दप्तरखान्यात जाऊन कागदांचे रुमाल सोडायला सुरुवात केली. जुने कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. बरीच धूळ खाल्ल्यावर त्यांच्या हाती एक लाल रुमाल लागला. उंदरांनी एक कोपरा कुरतडला होता. वर चिठ्ठी होती: 'चेटूक खटला'.

तो खटला ऐंशी वर्षांपूर्वीचा, राजांच्या पणजोबांच्या काळचा होता. तेव्हा राजवाड्याच्या गोठ्यातल्या गाई एकामागून एक मरू लागल्या होत्या. गाई आपोआप मरत नसतात, त्या मारल्या जातात, असे तेव्हाचे दिवाण म्हणाले होते. मग गावातल्या चेटकिणी शोधायचे ठरले. त्यासाठी कुणा हुशार माणसाने एकवीस प्रश्नांची नियमावली केली होती.

पंत वाचत गेले आणि त्यांना आनंदाचे भरते आले. काही म्हणजे काहीच करायचे नव्हते. 'चेटकीण' असेल तिथे 'फितूर' लिहायचे आणि 'गाई मेल्या' असेल तिथे 'मनोरा कलला'. बाकी काना-मात्रासुद्धा बदलायला नको. घरी आमटीला उकळी फुटायच्या आत पंतांची नक्कल तयार झाली. रुमालात पुढे आणखी काही पाने होती. ती उतरवायची नव्हती, म्हणून पंतांनी ती वाचलीही नाहीत. त्यांनी गाठ मारली आणि जेवायला गेले.

चौकशी चावडीवर बसली. दिवाण प्रश्न वाचणार होते आणि पंत उत्तरे लिहिणार होते. गाव लोटले होते.

"प्रश्न पहिला," दिवाणांनी घसा साफ केला. "आरोपी एकटी असताना पुटपुटते काय?"

"चाकावर बसल्यावर मडक्यासंगं बोलती मी," कोंडाबाई म्हणाली. "ते गप ऐकून तरी घेतं."

"लिहा पंत. पुटपुटते. प्रश्न दुसरा. शेजाऱ्यांना आरोपीची भीती वाटते काय?"

शेजारी धोंडू तेली उभा राहिला. परवापर्यंत तो तिच्या ओट्यावर बसून भाकरी खात होता. आज त्याच्या दोन्ही बाजूंना भालेकरी उभे होते. त्याने डावीकडच्या भाल्याकडे पाहिले, मग उजवीकडच्या.

"लय भीती वाटती," तो म्हणाला.

ती कुणाची, हे सगळ्यांना दिसत होते. कागदावर मात्र 'वाटते' एवढेच आले.

"प्रश्न तिसरा. आरोपी गुन्हा नाकारते काय? नाकारत असल्यास निर्ढावलेली समजावी. कबूल करत असल्यास गुन्हा शाबीत धरावा. गप्प राहिल्यास साथीदारांना पाठीशी घालते असे मानावे." दिवाणांनी पान उलटले. "प्रश्न चौथा. रडते काय? रडत असल्यास ते सोंग होय. रडत नसल्यास काळीज दगडाचे होय."

"आन् हसले तर?" कोंडाबाईने विचारले.

दिवाणांनी कागद वरखाली पाहिला. त्याची सोय नव्हती. "प्रश्नाबाहेर हसू नये," ते म्हणाले.

असे आठ प्रश्न झाले. मग दिवाणांनी नववा वाचला. "आरोपीचे पाय उलटे आहेत काय?"

पंतांच्या बोरूतून शाईचा थेंब गळला. उतरवताना हा प्रश्न गाळायचा राहून गेला होता! उलटे पाय चेटकिणीचे. फितुराच्या पायांशी राज्याला काय करायचे? आता हसे होणार, आता आपली नक्कल उघडी पडणार.

पण कुणीच हसले नाही. सगळे गाव खाली वाकून कोंडाबाईचे पाय पाहू लागले. पाय सरळ होते. वाळलेल्या मातीने माखलेली बोटे पुढे आणि भेगाळलेल्या टाचा मागे, चारचौघांच्या असतात तसे. दिवाण क्षणभर घुटमळले. पण चारचौघांत अडायचे ते दिवाण कसले?

"उलटे म्हणजे," ते म्हणाले, "राज्याच्या उलट दिशेला. राजवाडा कुठं आहे?"

"पूर्वेला," शिपाई म्हणाला.

"हिचे अंगठे कुठं?"

"पश्चिमेला जी."

"लिहा पंत. पाय उलटे."

तिला तसे उभे त्या शिपायानेच केले होते. 'माझी चूक झाली' एवढे तीन शब्द पंतांना तेव्हा बोलता आले असते. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेही होते. पण पंत कधी कुणाला नाही म्हणत नसत. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: पाय उलटे.

शेवटचा प्रश्न साथीदारांचा होता. चार नावे सांगितली तर शिक्षा माफ व्हायची.

"मी कुनाचं नाव घ्यायची न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "नावं म्हंजी काय मडकी हायेत व्हय, एक ह्याच्या डोक्यावर, एक त्याच्या डोक्यावर द्यायला?"

तिच्यावर गुन्हा शाबीत झाला. शिक्षा जुन्या कागदात होती तीच, कडेलोट. पंधरा दिवसांनी दरबारात निकाल वाचायचा आणि लगेच गडाच्या कड्यावर न्यायचे, असे ठरले.

सगळेच काही कोंडाबाईसारखे नसतात. तिचा शेजारी म्हणून धोंडू तेल्याला दुसऱ्या दिवशी चावडीवर बसवले, तेव्हा त्याने दोन प्रश्नांतच चार नावे सांगितली. त्या चौघांनी आणखी चार-चार सांगितली. एकदा काम सुरू झाले की पुरावे दारोदार सापडू लागले. गंगाराम न्हाव्याला पकडले, कारण हजामत करताना तो किल्लेदाराला म्हणाला होता, 'जरा मान सरळ करा.' कीर्तनकारबुवांना पकडले, कारण ते तासभर 'कलियुग, कलियुग' करत होते आणि त्यात 'कल' होता. एका गवंड्याच्या घरी ओळंबा सापडला. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचा दोरीचा लोलक तो. गवंड्याने तो घरात कशासाठी ठेवला, याचे त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

मनोरा कललेला आहे असे म्हणणे हाच मग गुन्हा ठरला. म्हणून लोक मनोऱ्यासमोरून जाताना मान डावीकडे झुकवू लागले. तसे केले की मनोरा सरळ दिसे. बघता बघता सगळ्या गावाच्या माना आखडल्या. वैद्यबुवांकडे तेलासाठी रांग लागली. वैद्यबुवांनी एका रोग्याला विचारले, 'मान कशानं आखडली?' वैद्यबुवाही आत गेले.

एकतीस माणसे तुरुंगात होती. तुरुंग आठ माणसांचा होता.

निकालाला दोन दिवस उरले, तेव्हा कोंडाबाईच्या जबानीवर तिचा अंगठा घ्यायला पंत तुरुंगात गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. हात अजून तसेच होते. त्यावरची माती वाळून तडकली होती.

"पंत, हे सवाल तुमी लिवले?" तिने विचारले.

"मी... म्हणजे, उतरवले."

"मग मला एक सांगा. रागानं न्हाई इचारत. समजून घ्यायचं म्हनून इचारते. ह्यातून सुटायचं असतं, तर मी काय उत्तर द्यायला पायजे हुतं?"

पंतांनी तोंड उघडले. त्यांनी एकवीसही प्रश्न मनात फिरवले. उत्तर सापडेना. तोंड उघडे ठेवूनच ते बाहेर आले. अंगठा घ्यायचाही राहिला.

घरी पान वाढलेले होते. पंतांनी घास उचलला आणि तो हातातच राहिला.

"काय हो, आमटी अळणी झाली का?" त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी विचारले.

"तू एकटी असताना पुटपुटतेस का गं?"

"तुमच्या संसारात पुटपुटू नको तर काय करू?"

पंतांनी मनातल्या मनात सगुणाबाईंना एकवीस प्रश्न विचारले. त्या पक्क्या फितूर निघाल्या. मग स्वतःला विचारले. स्वतः निघाले. मग भिंतीवरच्या तसबिरीतल्या मारुतीरायाला भीत भीत विचारले. एकांतात पुटपुटणे आहे. शेजारच्या राज्याला भीती आहे. रात्रीत लंका जाळल्याचे सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि साथीदार तर वानरसेनाभर. मारुतीरायाचा कडेलोट ठरला!

"अगं, यातून देवसुद्धा सुटत नाही," पंत घाबरून म्हणाले.

सगुणाबाईंनी सगळी हकिगत काढून घेतली. ऐकून त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्या लाल रुमालातली ती माणसं तरी सुटली होती का?"

पंत न जेवता उठले आणि तडक दप्तरखान्यात गेले. त्यांनी लाल रुमाल सोडला आणि न वाचलेली पाने उलगडली. तिथे यादी होती. पहिले नाव होते रखमा गवळणीचे. 'कुरणात कसली तरी नवी वेल उगवली आहे, गाई तिथं सोडू नका, असे बोलली. तिला आधीच कसे कळले?' असा तिचा गुन्हा होता. तिच्याखाली आणखी दहा बायका. प्रत्येकीपुढे एकच शब्द, कडेलोट.

पंतांना अक्षरातले कळत होते. नवव्या नावानंतर अक्षर बदलले होते. तोवरचे अक्षर फार सुंदर होते, जवळजवळ पंतांच्याच तोडीचे. पुढचे गिचमिड होते. असे का झाले, ते शेवटच्या नावावरून कळले. बारावे नाव बाईचे नव्हते. 'गिरमाजी कारकून. यादी लिहिताना हात कापत होता, त्यावरून चेटकिणींना सामील.'

सगळ्यात शेवटी, चार वर्षांनंतरची एक ओळ होती. 'कुरणात विषारी वेल सापडली. उपटून टाकली. गाई मरायच्या थांबल्या. प्रकरण बंद.'

त्या बारा माणसांविषयी पुढे एक अक्षरही नव्हते.

निकालाच्या दिवशी दरबार भरला. राजे मान डावीकडे करून सिंहासनावर बसले होते, म्हणून सगळा दरबारही मान डावीकडे करून बसला होता. एका बाजूला कोंडाबाई आणि तीसजण दोरखंडात बांधलेले होते.

"पंत, निकाल वाचा," राजे म्हणाले.

पंत उभे राहिले. रात्रभर विचार करून त्यांनी एक युक्ती शोधली होती.

"महाराज, एक विनंती आहे. शिक्षेआधी हे एकवीस प्रश्न एखाद्या खात्रीच्या निष्ठावंताला विचारावेत. तो अर्थातच निर्दोष सुटेल. म्हणजे लोकांनाही पटेल, की हा कागद दोषींना पकडतो तसा निर्दोषांना सोडतोही."

"वा!" राजे खूष झाले. "निष्ठावंतांचा काय तोटा आहे आमच्याकडे? बोला, कोण बसतं?"

जो तो स्वतःच्या जोड्यांकडे पाहू लागला.

"सेनापती, तुम्ही?"

"महाराज, रणांगणावर मरायला मी आत्ता तयार आहे," सेनापती म्हणाले. "पण इथं नको."

किल्लेदारांच्या पोटात अचानक कळ आली. राजपुरोहितांनी आपले आज मौनव्रत असल्याचे चांगले खणखणीत आवाजात सांगितले. राजे एकेकाकडे पाहत चालले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. आपल्या निष्ठेची परीक्षा द्यायला अख्ख्या दरबारात एकही निष्ठावंत तयार नव्हता.

"सुभानराव, मग तुम्हीच बसा. तुमच्याविषयी तर शंकाच नाही."

"मी... मी बसलो तर वाचायला कोण, महाराज?"

"आम्ही वाचतो." राजांनी पंतांच्या हातून कागद घेतला. "प्रश्न पहिला. एकटे असताना पुटपुटता काय?"

"छे! म्हणजे, देवाचं नाव..."

"लिहा पंत, पुटपुटतात." राजांना मजा वाटू लागली होती. "शेजाऱ्यांना भीती वाटते काय?"

दिवाणांचे शेजारी दरबारातच होते. ते काहीच बोलले नाहीत. पण जे बोलले नाहीत ते स्वच्छ ऐकू आले.

"प्रश्न तिसरा. गुन्हा नाकारता काय?"

दिवाणांनी नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. मग होकारार्थी हलवायला घेतली, तीही थांबवली. मग गप्प राहावे असे त्यांना वाटले, आणि गप्प राहण्याचे काय होते तेही आठवले. पुढे कोणकोणते प्रश्न आहेत हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्या पगडीतून घाम गळू लागला.

"महाराज!" ते ओरडले. "हा कागदच चुकीचा आहे! कारकुनानं चूक केली! सगळा दोष या विसाजीपंताचा!"

राजे पंतांकडे वळले. "खरं का, पंत?"

पंतांच्या युक्तीत हे नव्हते. दिवाण अडकतील, कागद आपोआप खोटा पडेल आणि आपण अलगद बाजूला राहू, असा त्यांचा हिशेब होता. आता काय करायचे? 'दिवाणांच्या हुकमानंच लिहिलं' असे म्हणता आले असते. उंदरांवरही ढकलता आले असते. कितीतरी पळवाटा होत्या, आणि कारकुनाला त्या सगळ्या ठाऊक होत्या. त्यांची नजर कोंडाबाईच्या हातांवर गेली.

"खरं आहे, महाराज," पंत म्हणाले. "चूक माझी. हा कागद फितुरांचा नाहीच. ऐंशी वर्षांपूर्वीच्या चेटकिणींच्या खटल्यावरून मी तो उतरवला. आळसानं उतरवला. दोन-चार शब्द बदलले, बस. आणि महाराज, एवढ्यानं तो बरोबर बसला, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

त्यांनी बगलेतून लाल रुमाल काढला आणि बारा नावे वाचली. एकेका नावाला दरबारातली एकेक मान हळूहळू सरळ होत गेली.

"यांचं पुढं काय झालं?" राजांनी विचारले.

"सगळ्यांचा कडेलोट झाला, महाराज."

"आणि गाई?"

"कुरणात विषारी वेल होती. रखमा गवळणीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तीच."

राजांनी लाल रुमाल हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. मग ते कोंडाबाईकडे वळले. "तू त्या दिवशी नक्की काय म्हणाली होतीस?"

"माती वल धरती म्हनले हुते," कोंडाबाई म्हणाली. "आजबी धरती. जाऊन हात लावून बघा की."

राजे खरोखरच उठले. ते मनोऱ्यापाशी गेले आणि पायाशी वाकून त्यांनी मूठभर माती उचलली. मूठ आवळली तसे बोटांतून पाणी ठिबकले. एवढे साधे काम त्यांनी इतक्या दिवसांत केले नव्हते.

त्याच दिवशी एकतीसही माणसे सुटली. पण राजा चुकला असे कागदावर येऊ शकत नाही, आणि दिवाण चुकले असे आले तर त्यांना नेमणारा राजा चुकला असे होते. तेव्हा सगळी चूक कारकुनाची, असे लिहिले गेले. सुभानराव दिवाणच राहिले. फक्त काही दिवस ते दरबारात मागच्या दाराने येत. पंतांची नोकरी गेली. शिवाय तोंडाला काजळी फासून आणि गाढवावर उलटे बसवून त्यांची गावातून धिंड काढायचे ठरले.

गाढव कुंभारवाड्यातूनच आणावे लागले. कोंडाबाईने ते दिले आणि दोरी मात्र स्वतःच्या हातात ठेवली. खाचखळगे आले की ती गाढवाला हळू चालवी. धिंडीत माणसावर शेण-माती फेकायची रीत होती. लोक ओट्यांवर उभे होते, पण कुणी काही फेकले नाही. धोंडू तेली तर दार लावून आत बसला होता.

कुंभारवाड्यापाशी पंत खाली उतरले. त्यांनी काळ्या तोंडाने हात जोडले. "कोंडाबाई, माझ्यामुळं तुम्ही मरता मरता वाचलात."

"व्हय, तुमच्यामुळंच मरनार हुते," ती म्हणाली. पंतांना वाटले होते, ती 'जाऊ द्या' म्हणेल. ती म्हणाली नाही. "आन् तुमच्यामुळंच वाचले. दोन्ही खरं हाय. एकानं दुसरं पुसत न्हाई, पंत. हात-तोंड धुवा आता. पानी ठेवलंय."

पंतांनी तोंड धुतले. घरी जाऊन त्यांनी एक कोरा कागद घेतला. समोर कुठलाही जुना कागद नव्हता. त्यावर त्यांनी बारा नावे लिहिली आणि प्रत्येक नावापुढे लिहिले: निरपराध. मग ते दप्तरखान्यात गेले. त्यांच्या जागी नवा कारकून आला होता. त्याचेही अक्षर चांगले होते.

"हा कागद लाल रुमालात सगळ्यात वर ठेवा," पंत म्हणाले. "पुढं कुणी नक्कल करायला रुमाल सोडला, तर त्याला आधी हा दिसला पाहिजे."

"कुणाच्या हुकमानं?" नव्या कारकुनाने विचारले.

"हुकूम नाही."

नवा कारकून घुटमळला. त्याने दाराकडे पाहिले, मग कागदाकडे. त्याने सावकाश बाराही नावे वाचली. मग फळीवरचा लाल रुमाल खाली घेतला आणि त्याची गाठ सोडली.

तात्पर्य: ज्या चौकशीतून निर्दोष माणूस सुटूच शकत नाही, ती चौकशी नसून शिकार असते, चेटकिणीच्या जागी फितूर लिहिल्याने ती न्याय ठरत नाही. आणि अशी शिकार थांबायची असेल, तर तिला हातभार लावणाऱ्यांपैकी कुणीतरी 'चूक माझी' असे उघड म्हणावे लागते.